आत गेलेली पावलं

आमच्या शाळेचा वर्षाचा आराखडा मक्याच्या दाण्यांवर ठरायचा. वर पाठवायचा कागद मी नंतर टाईप करून घ्यायचे, पण ठरायचं ते व्हरांड्यात. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी पालकांची सभा बोलवायची. फरशीवर खडूनं चित्रं काढायची: नळ, संडास, तारेचं कुंपण, टीव्ही, झाड, जे जे शाळेला पाहिजे ते. मग प्रत्येकाच्या हातात थोडे दाणे द्यायचे. ज्याला जे आधी व्हावं वाटतं त्यानं त्या चित्रावर दाणे ठेवायचे. सगळ्यात मोठा ढीग ज्याचा, ते पहिलं काम.

ही पद्धत माझी नाही. मी मुख्याध्यापिका म्हणून गेले तेव्हा ती गावात रुळलेली होती. मला मात्र ती पहिल्याच दिवशी आवडली. माझी आई आयुष्यभर अंगठा लावत आली. ती कधी माझ्या शाळेच्या सभेला आली असती तर तोंड उघडलं नसतं, पण दाणा तिनं बरोबर ठेवला असता. वडील सिल्लोडला जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचे. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या नावानं, आणि तो मी पुंडलिकनगरच्या घरात दाराच्या समोरच लावलाय, येणाऱ्याला दिसावा म्हणून. काहींना ते फुशारकीचं वाटतं. वाटू द्या.

शाळा शेंद्र्याच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या घराची ही गोष्ट आहे त्यांना मी विचारलेलं नाही. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे, आता छत्रपती संभाजीनगर. गाव मात्र तसंच आहे. एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला कंपन्यांची पत्र्याची छतं, आणि मधून डब्याची पिशवी घेऊन शिफ्टला जाणारी माणसं.

शाळेला तीन खोल्या होत्या. दोन नव्या, स्लॅबच्या. तिसरी निजामाच्या काळातली, दगडी भिंतींची, खाली शहाबादी फरशी, उन्हाळ्यातही गार. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधी तिथं उर्दू चालायचं. शाळा समितीच्या अध्यक्षांचे आजोबा त्या खोलीत आधी अलिफ-बे शिकले आणि ॲक्शननंतर, मिसरूड फुटल्यावर, त्याच खोलीत मराठी बाराखडी गिरवायला बसले, असं अध्यक्ष सांगायचे. अशी ही भक्कम खोली बंद होती. कुलूप नव्हतं, नुसती कडी लावलेली. आणि चार वर्ग दोन खोल्यांत कोंबलेले. एका भिंतीकडे तोंड करून पहिली पाढे म्हणतेय, दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून दुसरी कविता म्हणतेय, आणि मधे मी, कुणाचंच काही ऐकू न येणारी.

पहिल्या वर्षी मी सभेत इतर चित्रांबरोबर त्या खोलीचंही चित्र काढलं. चौकोन, दार, वर कौलं. म्हणलं, "ही खोली दुरुस्त करू, खाली टाइल्स टाकू, पहिलीचा वर्ग तिथं बसवू."

दाणे पडायला लागले, ते नळावर, संडासावर. माझ्या चौकोनावर एकही नाही. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात अध्यक्ष जागेवरून उठले आणि मांडी घालून बरोबर त्या चित्रावर येऊन बसले.

"अहो, खाली चित्र आहे," मी म्हणाले.

"राहू द्या बाई. हितं गार वाटायलंय."

दोन-चार जण हसले. ते हसणं काही खरं नव्हतं, हे मला कळलं. खांबाला टेकून एक बाई बसली होती. ती हसली नाही. तिनं उठून आपले दाणे नळावर ठेवले आणि पदर सावरत परत खांबाशी गेली. सभा संपून लोक पांगले तेव्हा अध्यक्ष उठले. त्यांच्या विजारीच्या मागं माझी अख्खी खोली पांढरी उमटली होती.

"चला, दावतो," म्हणाले, आणि त्यांनी जुन्या खोलीची कडी काढली.

आत धूळ होती. आणि उंबऱ्याच्या आतून सुरू होऊन समोरच्या भिंतीपर्यंत लहान लहान लाल पावलं गेलेली होती. ओळीनं, जोडीजोडीनं. सगळ्यांची बोटं आतल्या बाजूला.

झालं होतं असं. जूनात पहिलीची पोरं शाळेत येतात तेव्हा कुंकवाच्या पाण्यात त्यांचे पाय बुडवून कागदावर ठसे घ्यायचे, हा सगळीकडचा रिवाज. आई-बापाला कौतुक, पोराला गंमत. माझ्या आधी जे गुरुजी होते ते हौशी होते. त्यांना वाटलं, कागद फाटतो, हरवतो. पोरं सरळ फरशीवरूनच वर्गात चालत जाऊ देत. पण शहाबादीवर कुंकवाचं पाणी दिसेना, वाळलं की राखाडी. त्याच दिवशी भिंतीवर सुविचार रंगवायला लाल ऑइल पेंटचा डबा उघडलेला होता. गुरुजींनी ताटलीत तो ओतला. पोरं त्यात पाय बुडवून नाचत आत गेली. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. मग रॉकेलच्या फडक्यानं पाय पुसायला घेतले तेव्हा कळलं की हा रंग काही निघत नाही. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. नागपंचमीपर्यंत गावातली पहिली लांबूनच ओळखू यायची, लाल तळव्यांची.

ओळीत सगळ्यात शेवटी एक पोरगी होती. ती रडत होती, आईचा पदर सोडत नव्हती. गुरुजींनी हाताला धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. एक पाऊल तिनं पूर्ण टेकवलं. दुसरं चवड्यावरच टेकवलं, आणि वळून आईला बिलगली. म्हणून उंबऱ्यालगतच्या पहिल्या फरशीवर एक अख्खं पाऊल होतं आणि एक अर्धं, टाचेशिवायचं.

"ती गेली, बाई," अध्यक्ष म्हणाले. "ताप आला. हितून शेंद्र्याला नेलं, तिथून शहरात घाटीच्या दवाखान्यात नेलं. तिच्या पायाचा रंगसुद्धा गेला नव्हता अजून."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्या खांबाला टेकून बसली होती ना, तिची ती. पोरगं दुसरीत हाय तिचं, म्हनून समितीत हाय. आता तिच्यासमोर कोन म्हनंल, की ते उखडा म्हनून?"

पोरीच्या मागून वर्गातल्या इतर पोरांच्या आयांनी पोरं त्या खोलीत बसवायचं बंद केलं. आधी म्हणे पोरं घाबरतात. मग गावात बोलणं झालं की पावलं आत गेलेली हायेत, बाहेर आलेली कुठं दिसतेत? हे वाक्य कुणी पहिल्यांदा म्हणलं कुणास ठाऊक, पण ते एकदा ऐकल्यावर त्या खोलीकडे दुसऱ्या नजरेनं बघता येत नाही. मी भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. तसं मी अध्यक्षांना सुनावलंही. ते म्हणाले, "मी तरी कुठं ठेवतो? जा की मग आत."

मी गेले. फळा चांगला होता, भिंती कोरड्या होत्या, खिडकीतून उजेड भरपूर. परत येताना माझ्या लक्षात आलं की उंबऱ्याजवळच्या त्या फरशीवरून मी लांब टांग टाकून गेले होते. जातानाही, येतानाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्या पावलांवर धूळ होती. शेवटच्या त्या दीड पावलावर मात्र नव्हती. ते लख्ख पुसलेलं होतं.

मला वाटलं, आईच येऊन पुसत असणार. पुढं कधीतरी हळूच विचारलं तर ती म्हणाली, "मी त्या दिसापासून त्या उंबऱ्याला पाय लावला नाय बाई." मग एकदा मधल्या सुट्टीत मीच बघितलं. चौथीतल्या दोन पोरी कडी काढून दारातच उकिडव्या बसल्या, एकीनं फ्रॉकच्या घेरानं ती फरशी पुसली, आणि पुन्हा कडी लावून दोघी पळाल्या. तिच्याच वर्गातल्या होत्या त्या. पुढं त्या हायस्कूलला गेल्या, तरी फरशी पुसलेलीच. त्यांच्यामागच्या पोरी पुसायच्या. त्यांना विचारलं, "कशाला गं पुसता?" तर म्हणाल्या, "पुसावं लागतंय." का लागतंय, कुणाचं आहे, ते त्यांना नीट सांगता येत नव्हतं.

वर्षं गेली. आराखड्यातली कामं होत गेली. नळ आला. संडास झाला, मुलींचा वेगळा. कुंपण झालं. टीव्हीसुद्धा आला, आणि भिंतीवर टांगल्यावर बिघडला. दर वर्षी मी खडूनं सगळं काढायचे आणि जुनी खोली काढायचे नाही. मलाही ती सवय लागली. वर पाठवायच्या कागदात 'वापरात नसलेली खोली' असा रकाना असायचा, तिथं मी 'एक' लिहायचे आणि कारणाच्या रकान्यात 'दुरुस्ती आवश्यक'. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. इकडे पटसंख्या घसरत होती. इंग्लिश शाळेची पिवळी व्हॅन गावात यायला लागली होती. बाप लोक मला तोंडावर म्हणायचे, "एका खोलीत दोन वर्ग, काय शिकतेत मॅडम पोरं?" उत्तर कडी लावून शेजारीच उभं होतं.

दरम्यान त्या बाईला दुसरी मुलगी झाली होती. थोरला हायस्कूलला गेला तरी ती सभेला येत राहिली. पोरगी आधी कडेवर असायची. मग मांडीवर. मग व्हरांड्यात रांगत येऊन दाणे तोंडात घालायची आणि तिची आई तोंडात बोट घालून ते काढायची. मग चालायला लागली. अनवाणी, फरशीवर थपथप. तिचे पाय वाढत होते आणि सगळी सभा ते बघत होती. उघड कुणी बघायचं नाही, पण ती चालत गेली की माणसांच्या नजरा खाली जायच्या. मीही बघायचे. पुढच्या वर्षी केवढा होईल, त्याच्या पुढच्या वर्षी केवढा. पहिलीतल्या त्या वेळच्या इतर पोरांचे पाय केव्हाच चपलांचे नंबर बदलत पुढं गेले होते. उंबऱ्याजवळचा पाय तेवढाच राहिला होता. आणि ही त्याच्याकडे चालत निघाली होती.

ज्या जूनात ती पहिलीत येणार, त्याच्या आधीची सभा. पोरीचा बाप तिला व्हॅननं पाठवायचं म्हणतोय, असं कानावर होतं. मी चित्रं काढून उठले आणि दाण्यांचं ताट फिरवायला घेतलं. खांबाजवळून आवाज आला.

"बाई, एक चित्र राह्यलं."

मी म्हणलं, "कोणतं?"

ती उठली. माझ्या हातातून खडू घेतला. खाली बसून तिनं एक चौकोन काढला, त्याला दार काढलं. कौलं काही तिला जमली नाहीत. मग माझ्या ताटातून मूठभर दाणे घेऊन त्याच्यावर ठेवले आणि मागं सरून बसली.

अध्यक्ष अर्धवट उठले. तिनं त्यांच्याकडे बघितलं.

"दादा, बसू नका तिच्यावर आता. लई वर्षं बसलात."

अध्यक्ष खाली बसले. म्हणाले, "तुझ्यासाठीच बसलो ना माय."

"मला कळत होतं." ती म्हणाली. "तुमी सगळे माझ्यासाठी गप होता, अन् मी तुमच्यासाठी. मला वाटायचं, गावाला भ्या वाटतंय, आपन कशाला बोला." मग माझ्याकडे वळली. "धाकटीला मी हितंच घालनार. तिचा बाप व्हॅन म्हनतोय. मी म्हनलं, तिची भैन ज्या शाळंत गेली त्याच शाळंत जाईल. पन ती त्या खोलीम्होरून उडी मारत जायची नाय. हितली पोरं जातेत ना, कडंकडंनं? तशी नाय. सरळ चालत जाईल. त्या खोलीत वर्ग भरला तर ती येईल. नाय तर तिच्या बापाचं खरं."

मी म्हणलं, "वरून टाइल्स टाकून देऊ. दिसणारच नाही काही."

"वरून नका टाकू." तिचा आवाज एकदम चढला. "वरून टाकलं तर ती खालीच राहील. कोंडल्यावानी."

मग लोक बोलायला लागले. इतकी वर्षं न बोललेले सगळे एकदम. कुणी म्हणालं, ती एक फरशी काढून गंगेत सोडून या. कुणी म्हणालं, लिंबाखाली पुरा. एका बाईनं सुचवलं की आईनंच घरी न्यावी. ती म्हणाली, "घरी कुठं ठेवू? घर एवढुसं. येता-जाता पाय पडंल. अन् धाकटी इचारंल, आई हे काय, तर?" ती थांबली. व्हरांड्यातून तिला जुन्या खोलीचं दार दिसत होतं. ती तिकडे वळली.

"फिरवा," ती म्हणाली.

"काय फिरवा?" अध्यक्षांनी विचारलं.

"फरशी. उलट्या अंगानं बसवा. तोंड बाहेर." तिनं हातानं दाखवलं, भाकरी तव्यावर गोल फिरवावी तसं. "तिला म्हनावं, शाळा सुटली."

तिच्यानंतर पहिले दाणे अध्यक्षांनी ठेवले. मग एकेकानं. माझं ताट फिरवायचं राहिलंच होतं, लोकांनी स्वतः येऊन मुठी भरून घेतल्या. त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याच चित्रावर ढीग झाला नाही.

टाइल्स अध्यक्षांनी कंपनीत शब्द टाकून मिळवल्या. मिस्त्री सिल्लोडकडचे होते, वयस्कर, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी उंबऱ्याशी बसून फरशी बोटानं ठोकली. खालून पोकळ आवाज आला. "मॅडम, चुन्यात बसवलेली हाय. पुरानी चीज. निघंल, पण तुटनारच नाय अशी ग्यारंटी नक्को मागू."

आई तेव्हा अंगणात उभी होती. चाचांनी तिला विचारलं, "बेटी, काढू?" तिनं मान हलवली. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून छिन्नी लावली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. सांधा उकरायला त्यांनी जेवढा वेळ घेतला तेवढ्यात त्यांनी बाकी अर्धी खोली उखडली असती. अध्यक्ष पहार धरून बसले होते आणि त्यांच्या पायाला मुंग्या आल्या तरी हलत नव्हते. शेवटी कट्ट असा आवाज झाला. माझे डोळे मिटले गेले. उघडले तर फरशी वर आली होती. एक कोपरा गेला होता, पावलांपासून लांबचा. खाली काळी माती होती आणि तिच्यात मुळांच्या बारीक बारीक रेषा.

दोघांनी फरशी उभी धरून गोल फिरवली आणि पुन्हा त्याच जागी ठेवली. सगळ्या गावानं जे वाक्य इतकी वर्षं म्हणलं होतं, ते आता म्हणता येणार नव्हतं. एक अख्खं पाऊल, एक अर्धं, दोन्ही अंगणाकडे निघालेली. टाचेशिवायचं पाऊल आता घाईत असल्यासारखं दिसत होतं.

मला वाटलं होतं, ती रडेल. तिनं फक्त विचारलं, "सिमेंट ओलं हाय का अजून? पाय ठेवू?" चाचा म्हणाले, "दोन दिवस थांब." ती थांबली. दोन दिवसांनी आली, उंबरा ओलांडून आत गेली, त्या फरशीच्या शेजारून. बाकीच्या फरशा काढून बसवलेल्या नव्या टाइल्सवर थोडा वेळ उभी राहिली. मग निघून गेली.

जूनात वर्ग तिथं भरला. त्या वर्षी आम्ही ठसे कागदावरच घेतले, कुंकवाच्या पाण्यानं. धाकटी आईचं बोट धरून आली. दारात थांबून खाली बघितलं.

"आई, ही कुठं चाललीय?"

"घरी," आई म्हणाली.

"शाळा तर आत्ताच भरलीय."

"तिची सुटली."

पोरीला ते पटलेलं दिसलं नाही. पण तिनं बोट सोडलं आणि आत गेली. फरशीवरूनच गेली, सरळ. तिचा पाय त्या पायावर पडला की नाही, हे बघायला मी वाकले नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली होती ते घडत असताना मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते.

पटसंख्या काही एकदम वाढली नाही. व्हॅन अजून येते. पण पहिली आता एकटी बसते आणि पाढे म्हणते तेव्हा मला ऐकू येतात. फरशी अजून कुणीतरी पुसतं. मी आता विचारत नाही.

संध्याकाळी घंटा झाली की पोरं धावत सुटतात. कुंपणाच्या फाटकाशी ती बाई धाकटीला न्यायला उभी असते. पोरगी जाऊन तिला बिलगते, दप्तर तिच्या हातात देते, ओढायला लागते. ती लगेच निघत नाही. माझ्या पाठीशी असलेल्या जुन्या खोलीच्या दाराकडे बघत थोडी थांबते. मी कडी हातात धरून उभी असते. मी शिकलेली बाई आहे, खोली रिकामी आहे हे मला माहीत असतं. तरी ती पाठ फिरवून रस्त्याला लागेपर्यंत मी कडी घालत नाही.